स्टेडियमखालच्या गाळेधारकांसाठी: मोजणीचा अर्ज नेमका कुठे अडतो

स्टेडियमचा पुनर्विकास ठरला की प्रेक्षागॅलरीखालच्या गाळ्यांची मोजणी लागते. नव्या इमारतीतल्या जागेची बोलणी याच मोजणीच्या आकड्यावर होतात, म्हणून अर्ज निष्काळजीपणे भरू नका. पात्रतेच्या अटी पालिकेच्या ठरावात असतात. ठरावाची प्रत आधी मिळवा.

वाटपपत्र, भाडेकरार, भाडेपावत्या, वीजबिल, ओळखपत्र हे नेहमीचेच. दुकानाच्या परवान्यावरून मात्र गोंधळ होतो. 2017 च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यानुसार दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला नोंदणी दाखला मिळतच नाही, फक्त सूचनेची पावती मिळते. तरीही खिडकीवर 'गुमास्ता (दुकानाचा नोंदणी दाखला) आणा' म्हणून माणसं परत पाठवतात, हे संतापजनक आहे. पावती जोडा आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका.

बरेच जण भूमी अभिलेखचा मोजणी नकाशा आणतात. तो जमिनीचा असतो, गाळ्याच्या चटईक्षेत्राला त्याचा उपयोग नाही. इथे हवा मंजूर बांधकाम नकाशा, आणि तो कुणाकडेच नसतो. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात मागा. उत्तराला 30 दिवसांची मुदत असते, म्हणून मोजणीची नोटीस यायची वाट पाहू नका.

वाटपपत्र वडिलांच्या नावावर आणि वडील हयात नाहीत, असं असेल तर हस्तांतरणाचा अर्ज आजच द्या. नुसत्या मृत्यूदाखल्यावर फाईल पुढे सरकत नाही.

मोजणीच्या दिवशी भिंतीलगतची फळकुटं, प्लायवूड काढून ठेवा. टेप गिलाव्यापासून गिलाव्यापर्यंत लागली पाहिजे. दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच प्लाय राहिला तर 10 बाय 15 फुटांच्या गाळ्यातले 5 चौरस फूट तिथेच गेले. गॅलरीच्या उतारामुळे मागे छत खाली येतं. पुढची आणि मागची उंची वेगवेगळी लिहायला सांगा. करारातला आकडा बिल्टअप (भिंतींसकट) आहे की कार्पेट (म्हणजे चटईक्षेत्र), तेही तपासा. रेरा या स्थावर मालमत्ता कायद्यातल्या कार्पेटच्या व्याख्येत बाहेरच्या भिंती धरत नाहीत, आतल्या पार्टिशनच्या भिंती धरतात. मोजमापाचा तक्ता चौरस मीटरमध्ये असेल तर चौरस फुटांसाठी 10.764 ने गुणा. पोटमाळा मंजूर नकाशात नसेल तर त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

हरकतीची मुदत नोटीस प्रसिद्ध झाल्यापासून की हाती पडल्यापासून, हे नोटिशीतच वाचा. मुदत प्रसिद्धीपासून धरली असेल तर टपालाची वाट पाहण्यातच ती निघून जाते. हरकत लेखी द्या, सोबत परवानाधारक अभियंत्याचा मोजमाप तक्ता जोडा, आणि कोऱ्या पंचनाम्यावर कुणी कितीही घाई केली तरी सही करू नका.