वीस मिनिटं झोप, पंधरा सेकंद काम

रात्री सगळं शांत असताना जुना हार्डडिस्कवाला म्युझिक प्लेअर कधी कानाला लावून पाहिलाय? हेडफोन नव्हे, खुद्द डबी. बराच वेळ काहीच ऐकू येत नाही. मग बारीक ‘सुंईऽऽ’, पाठोपाठ दोन-तीन हलके किरकिराट, तळहाताला जेमतेम कळेल अशी थरथर, आणि पुन्हा चिडीचूप. गाणं मात्र कुठेही अडखळत नाही. माझ्याकडे असा एक प्लेअर होता आणि एकदा झोप येत नव्हती म्हणून मी घड्याळ लावून मोजलं होतं. एका ‘सुंई’नंतर पुढची यायला वीसेक मिनिटं लागत होती.

म्हणजे ज्या चकतीवर माझी सगळी गाणी होती, ती जवळजवळ सगळा वेळ फिरतच नव्हती! तेव्हापासून माझं ठाम मत झालंय की खिशातल्या या पहिल्या यंत्रांचं सगळं कसब कामचुकारपणात होतं. जे काम टाळता येईल ते टाळायचं. ते टाळणं जमलं तोवर मालक खूश, आणि जिथे जमलं नाही तिथे त्याची कुरकुर सुरू.

पहिली टाळाटाळ गाण्यातच होते. सीडीवर आवाजाची नोंद दर सेकंदाला ४४,१०० वेळा होते, प्रत्येक नोंद १६ बिटांची, आणि डावा-उजवा असे दोन कान. गुणाकार केला तर सेकंदाला १४,११,२०० बिट होतात. चार मिनिटांचं गाणं ४२ एमबीच्या घरात जातं. आता १९९८ साल आठवा. त्या वर्षी दक्षिण कोरियाच्या सेहान कंपनीचा ‘एमपीमॅन’ आला आणि पाठोपाठ अमेरिकेत डायमंड कंपनीचा ‘रिओ पीएमपी ३००’. दोघांची स्मृती ३२ एमबी. सीडीवरचं एक आख्खं गाणंसुद्धा त्यात मावलं नसतं.

मावलं ते एमपी३ मुळे. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तंत्र घडवलं, आणि त्याचा पाया गणिताइतकाच कानाच्या दुबळेपणावर आहे. जोराचा आवाज चालू असेल तर त्याच्या आसपासच्या कंपनसंख्येचा हळू आवाज आपल्याला ऐकूच येत नाही. ढोलावर टिपरू पडल्यानंतरच्या काही क्षणांत तर कान बऱ्याच बारीक गोष्टी सोडून देतो. मग जे कान ऐकणारच नाही, ते काटेकोर नोंदवायचं कशाला? एमपी३ आवाजाचे छोटे तुकडे करतं, प्रत्येक तुकडा कंपनसंख्यांच्या पट्ट्यांत विभागतं आणि जिथे कान सावध असतो तिथेच बिट खर्च करतं. सेकंदाला १,२८,००० बिटांवर आणलेलं गाणं मूळच्या अकराव्या हिश्शाचं होतं. चार मिनिटांना चारेक एमबी. ३२ एमबीत आठ गाणी, सुमारे अर्धा तास.

अर्धा तास! रिओच्या मालकांची पहिली कुरकुर हीच होती. दोनशे डॉलर मोजायचे आणि तीच आठ गाणी फिरून फिरून ऐकायची. त्यावर उपाय म्हणून पुष्कळांनी गाणी आणखी दाबली. सेकंदाला ६४,००० बिट केले की तास भरायचा, पण झांजेचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा व्हायचा. कारण सरळ आहे. झांज म्हणजे उंच कंपनसंख्यांचा पसारा, त्यात लपवायला जागा कमी. शिवाय टाळी किंवा चिपळीसारखा अचानक येणारा आवाज एमपी३ ला नेहमीच जड जातो. तुकडा कापताना झालेली चूक त्या तुकडाभर पसरते, म्हणून टाळी पडण्याच्या आधीच तिची अस्पष्ट सावली ऐकू येते. एकदा ती ओळखायला शिकलात की पुढे प्रत्येक गाण्यात तीच ऐकू येते. म्हणून ती कशी ओळखायची ते इथे सांगत नाही.

रिओवर अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने खटला भरला होता. १९९९ साली अपील न्यायालयाने रिओच्या बाजूने कौल दिला. आपल्याकडचं गाणं एका जागेवरून दुसऱ्या जागी नेण्यासाठीचं हे साधन आहे, असा त्याचा मथितार्थ. तो निकाल उलटा लागला असता तर पुढची गोष्ट वेगळी झाली असती, पण आपला विषय कोर्ट नाही.

रिओत हलणारा एकही भाग नव्हता. त्यातली फ्लॅश स्मृती म्हणजे विजेच्या भाराचे सूक्ष्म बंदिस्त कप्पे. तोशिबातले फुजिओ मासुओका यांची ही कल्पना १९८० च्या दशकातली, पण १९९८ मध्ये ती अजून महाग होती. ज्याला हजार गाणी हवीत त्याला हार्डडिस्कच घ्यावी लागे. २००० साली आलेल्या क्रिएटिव्हच्या ‘नोमॅड ज्यूकबॉक्स’मध्ये लॅपटॉपची अडीच इंची, ६ जीबीची डिस्क होती. आकार सीडी प्लेअरएवढा, सोबत चार पेन्सिल सेल. खिशात ठेवायचा तर खिसाच तसा शिवून घ्यावा लागला असता.

लहान डिस्कमध्ये जास्त माहिती मावायला लागली त्यामागे १९८८ चा एक शोध आहे. फ्रान्समध्ये आल्बेर फेर आणि जर्मनीत पीटर ग्रुनबर्ग यांना स्वतंत्रपणे असं दिसलं की लोखंड आणि क्रोमियमचे काही अणूंइतके पातळ थर एकावर एक ठेवले, तर अगदी क्षीण चुंबकीय क्षेत्रानेही त्यांचा विद्युतरोध चांगलाच बदलतो. म्हणजे चुंबकीय ठिपका कितीही बारका करा, तो वाचणारा सापडला. दोघांना २००७ चं भौतिकीचं नोबेल मिळालं. खिशातल्या गाण्यांच्या पेटीमागे इतकं मूलभूत भौतिकशास्त्र असावं, याचं मला अजून नवल वाटतं.

तोशिबाने २००० च्या सुमारास जेमतेम ५ मिलिमीटर जाडीची, १.८ इंची, ५ जीबीची डिस्क बनवली. पण ती कशात घालायची हे त्यांनाही नीट सुचलेलं नव्हतं. २००१ च्या सुरुवातीला अ‍ॅपलचे जॉन रुबिनस्टाइन जपानला गेले तेव्हा ती त्यांना दाखवण्यात आली. त्याच वर्षी २३ ऑक्टोबरला पहिला आयपॉड जाहीर झाला. हजार गाणी, १८५ ग्रॅम, दहा तासांची बॅटरी, किंमत ३९९ डॉलर.

या दहा तासांचा हिशोब मात्र जवळून पाहण्यासारखा आहे.

ही चकती मिनिटाला ४,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ७०. तिची कड ताशी पस्तीसेक किलोमीटरने धावत असते आणि वाचणारं टोक तिच्यावर केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी अंतरावर तरंगत असतं. असलं यंत्र खिशात घालून कोणी जिना उतरणार, पळणार. चकती सतत फिरती ठेवली तर बॅटरी काही तासांत झोपणार, आणि धक्क्याने टोक चकतीला घासलं तर गाणी कायमची जाणार. यावर उपाय म्हणजे फिरवायचीच नाही. आयपॉडमध्ये डिस्कशिवाय ३२ एमबीची वेगळी चिप होती. गंमत बघा, रिओची आख्खी स्मृती जेवढी, तेवढी इथे नुसत्या उसनवारीला. डिस्क जागी व्हायची, पुढची चार-पाच गाणी भराभर चिपमध्ये ओतायची, टोक बाजूला काढून ठेवायची आणि झोपी जायची. वीस मिनिटं गाणं चिपमधून वाजायचं. जागेपणाला पंधरा सेकंद धरले, तरी १,२०० सेकंदांतला तो सव्वा टक्का.

आता मालकांचं भांडण समजेल. त्याच मॉडेलचा प्लेअर एकाला दहा तास पुरायचा आणि दुसऱ्याचा सहा-सात तासांतच मान टाकायचा. दुसऱ्याला वाटायचं आपल्याला खराब बॅटरी मिळाली. पुष्कळदा दोष बॅटरीचा नसून अंगठ्याचा असे. अर्धं गाणं ऐकून पुढचं, तेही नको म्हणून तिसरं, मग भलत्याच अल्बमवर उडी, असं केलं की चिपमध्ये आणून ठेवलेली गाणी वाया जातात आणि डिस्कला पुन्हा उठावं लागतं. चकती फिरती ठेवण्यापेक्षा थांबलेली चकती गती पकडताना वीज जास्त ओढते. चोखंदळ कानाची किंमत बॅटरी मोजायची. ज्यांनी ‘गुणवत्ता म्हणजे गुणवत्ता’ म्हणून सीडीवरची गाणी न दाबता भरली, त्यांचं तर आणखी अवघड. त्या हिशोबाने ३२ एमबी तीन मिनिटांत संपतात. डिस्कला झोप ती काय मिळणार?

दुसरी कुरकुर दोन गाण्यांमधल्या फटीची. मैफलीचं ध्वनिमुद्रण असेल, एक भाग दुसऱ्यात अलगद मिसळत असेल, तर प्लेअर बरोबर त्या सांध्यावर उचकी द्यायचा. एमपी३ आवाज १,१५२ नोंदींच्या ठरावीक चौकटींत भरतं. एक चौकट सुमारे २६ मिलिसेकंदांची. गाणं चौकटीच्या मधेच संपलं तर उरलेली जागा शांततेने भरावी लागते, आणि सुरुवातीलाही तंत्राची म्हणून थोडी शांतता चिकटते. किती शांतता घातली आहे याची नोंद मूळ फाइलच्या रचनेत नव्हतीच. पुढे एमपी३ फाइल बनवणाऱ्या ‘लेम’सारख्या मोफत प्रणालींनी ती फाइलच्या डोक्यावर लिहायला सुरुवात केली. आयपॉडला सलग वाजवणं जमलं ते २००६ साली. तोवर मालक दोन गाणी जोडून एकच लांब फाइल करायचे, म्हणजे फट जायची. लांब फाइलने डिस्कची झोप मोडायची, ते वेगळं.

आणि शफल, म्हणजे गाणी पिसून कुठल्याही क्रमाने वाजवणं. ‘याला एकच गायक आवडतो’ ही तक्रार जवळजवळ प्रत्येकाने केली, मीही केली. कंपनीने काहीतरी लबाडी केलीय असं वाटायचं. पण आकडेमोड करून पाहा. शंभर गायक, प्रत्येकाची दहा गाणी, एकूण हजार. त्यातून पत्ते पिसल्यासारखी बारा गाणी काढली, तर त्यांत निदान एका गायकाची दोन गाणी येण्याची शक्यता किती? शंभरात ४६. म्हणजे जवळजवळ एक दिवसाआड तुमचा संशय बळावणार. खऱ्या यदृच्छेत गुठळ्या असतातच, आपल्या मनाला मात्र यदृच्छा म्हणजे सारखं पसरलेलं असं वाटतं. २००५ मध्ये अ‍ॅपलने आयट्यून्स या आपल्या संगणकावरच्या गाण्यांच्या प्रणालीत त्यासाठी एक सरकपट्टी दिली. तिने क्रम अधिक कृत्रिम करता यायचा आणि लोकांना तो अधिक यादृच्छिक वाटायचा. शफलचा क्रम आधीच पिसून ठेवलेला असल्यामुळे पुढची गाणी चिपमध्ये आणून ठेवणंही सोपं जाई.

म्हातारपणी ही यंत्रं दोन तऱ्हांनी जायची. बॅटरी हळूहळू. लिथियमच्या बॅटरीत विद्युतध्रुवावर एक पातळ थर जमत जातो, त्यात लिथियम अडकत जातं, आणि बॅटरी कपाटात नुसती पडून असली तरी हे थांबत नाही. डिस्क मात्र अचानक. ‘टिक... टिक... टिक’ ऐकू आलं की समजायचं, वाचणारं टोक आपली जागा शोधतंय, सापडत नाही म्हणून परत फिरतंय. मालकांचे घरगुती उपायही तसेच. कोणी हलकी चापट मारायचं, कोणी डबी उघडून डिस्कखाली घडी केलेला पुठ्ठा सरकवायचं. ढिला पडलेला जोड दाबला गेला तर पुठ्ठ्याने खरंच काम व्हायचं. मी चापट मारून पाहिली. पहिल्यांदा चालू झाला, तिसऱ्यांदा नाही.

शेवटी मी डिस्क काढून तिच्या जागी एक छोटा अडॅप्टर आणि मेमरी कार्ड बसवलं. अडॅप्टर प्लेअरला सांगतो की मी हार्डडिस्कच आहे. प्लेअर हलका झाला, बॅटरी वाढली, आणि रात्री कानाला लावला तर आता काहीच ऐकू येत नाही. पण आतली प्रणाली जुनीच आहे. ती अजूनही दर वेळी पुढची गाणी चिपमध्ये ओढून घेते आणि मग त्या कार्डाला, ज्यात फिरण्यासारखं काहीच नाही, फिरणं थांबव म्हणून हुकूम सोडते.