कोलोनोस्कोपीपूर्व आतडेसफाई

गुदमार्गातून दुर्बीण घालून मोठे आतडे आतून पाहण्याच्या तपासणीला कोलोनोस्कोपी म्हणतात. तिच्या आधी रेचक औषधाने आतडे पूर्ण रिकामे करणे म्हणजे पूर्वसफाई. कोकणात तिला ‘पोट साफ करायचे औषध’ एवढेच नाव आहे आणि ती तपासणीआधीची एक कटकट समजली जाते. प्रत्यक्षात तपासणीचा निम्मा निकाल इथेच लागतो. मळाने झाकलेला पॉलिप कितीही चांगल्या दुर्बिणीला आणि कितीही अनुभवी डॉक्टरला दिसत नाही.

पॉलिप म्हणजे आतड्याच्या आतल्या अस्तरावर आलेली गाठ. मोठ्या आतड्याचे बहुतेक कर्करोग अशाच गाठींतून अनेक वर्षांत हळूहळू तयार होतात. गाठ वेळीच दिसली तर त्याच दुर्बिणीतून काढता येते. देठावर लोंबणारी गाठ सहसा नजरेतून सुटत नाही. अडचण सपाट गाठींची असते. उजव्या बाजूच्या आतड्यातील काही सपाट गाठींवर चिकट श्लेष्म्याचा थर असतो आणि पिवळट मळाच्या पातळ लेपाखाली त्या सहज दडतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात तीन लाखांहून अधिक कोलोनोस्कोपी तपासल्या गेल्या. डॉक्टरचे पूर्वकर्करोगी गाठी सापडण्याचे प्रमाण १ टक्क्याने वाढले की त्याच्या रुग्णांना पुढे कर्करोग होण्याचा धोका सुमारे ३ टक्क्यांनी घटतो, असे त्यात आढळले.

सफाईसाठी सर्वाधिक वापरले जाते ते पॉलिएथिलीन ग्लायकॉल आणि क्षारांचे मिश्रण. ही भुकटी साधारण २ लिटर पाण्यात विरघळवून प्यायची असते. हे औषध आतड्यात शोषले जात नाही. ते पाणी धरून ठेवते आणि मळासकट बाहेर पडते. त्यामुळे शरीरातील पाणी व क्षार फारसे ढळत नाहीत. सोडियम फॉस्फेटचे द्रावण कमी प्यावे लागते म्हणून लोकांना सोयीचे वाटते, पण त्याने मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. वृद्धांनी आणि हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी ते टाळावे. घरचे एरंडेल किंवा त्रिफळा या कामाला पुरत नाही.

सफाई सुधारण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे औषध दोन भागांत घेणे. अर्धे आदल्या संध्याकाळी घ्यावे. उरलेले अर्धे तपासणीच्या ४ ते ६ तास आधी सुरू करून किमान २ तास आधी संपवावे. कारण साधे आहे. रात्रभर लहान आतड्यातून पित्तमिश्रित द्रव उजव्या आतड्यात उतरत राहतो. सगळे औषध आदल्या दिवशीच संपवले तर सकाळी नेमक्या त्याच भागावर नवा लेप बसलेला असतो. दुसरा डोस तो धुऊन काढतो.

कोकणात नेमका हाच दुसरा डोस बुडतो. कणकवली-कुडाळकडचे रुग्ण गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात, रत्नागिरीकडचे आंबा घाट चढून कोल्हापूरला किंवा रात्रीच्या गाडीने मुंबईला जातात. एसटीत किंवा घाटात शौचाला कुठे जायचे या धास्तीने पहाटेचे औषध टाकून दिले जाते. विशेषतः बायका ते घेतच नाहीत, आणि ही धास्ती खोटी नाही. सकाळी १० ची वेळ असेल तर दुसरा डोस पहाटे ४ ते ६ च्या दरम्यान सुरू व्हायला हवा. म्हणून आदल्या दिवशीच त्या गावी पोहोचून नातेवाइकांकडे किंवा लॉजवर राहणे हाच खरा उपाय. रुग्णालयानेही वेळ देताना ‘कुठून येणार?’ हे विचारायला हवे.

आदल्या दिवशीचे जेवण कमी चोथ्याचे असावे. पांढऱ्या तांदळाचा मऊ भात, सालीशिवायचा बटाटा, बिनवाटणाचे उकडलेले पापलेट चालते. नाचणीची भाकरी, कुळीथ, कोंडा असलेला लाल उकडा तांदूळ, ओले खोबरे, फणस, पेरू, बियांसकट काकडी आणि पालेभाज्या नकोत. त्यानंतर फक्त पारदर्शक पेये घ्यावीत, म्हणजे शहाळ्याचे पाणी, गाळलेले लिंबू सरबत, बिनदुधाचा चहा. मूत्रपिंडाच्या रुग्णाने शहाळे डॉक्टरला विचारूनच घ्यावे, कारण त्यात पोटॅशियम भरपूर असते. सोलकढीत नारळाचे दूध असते आणि कोकम सरबताचा लाल रंग आतड्यात रक्तासारखा भासू शकतो, म्हणून त्या दिवशी दोन्ही वर्ज्य. लोहाच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी थांबवतात, कारण त्यांनी मळ काळा व चिकट होतो. इसबगोलही बंद करावे. मधुमेहाच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांचे वेळापत्रक मात्र डॉक्टरनेच ठरवायचे असते.

जुनाट बद्धकोष्ठता, मधुमेह, पक्षाघात किंवा आधी एकदा फसलेली सफाई असेल तर नेहमीची मात्रा अपुरी पडते. हे वेळ ठरवतानाच सांगावे.

सफाईला गुण देण्यासाठी २००९ मध्ये मांडलेली बोस्टन मोजपट्टी वापरतात. आतड्याच्या तीन भागांना प्रत्येकी ० ते ३ गुण मिळतात आणि प्रत्येक भागाला किमान २ मिळाले तर सफाई पुरेशी मानतात. हे गुण अहवालात मागून घ्यावेत. रुग्णाला घरी कळणारी खूण म्हणजे शेवटी बाहेर पडणारे पाणी लघवीसारखे पिवळसर व नितळ असणे. ते गढूळ असेल तर तपासणीआधीच सांगावे. जादा औषध देऊन त्याच दिवशी उशिरा किंवा दुसऱ्या दिवशी तपासणी करता येते, आणि एवढ्या लांबून आलेल्या माणसाला पुन्हा पूर्ण फेरा घालावा लागत नाही.