पीटीच्या तासाला हाडांच्या आत काय चालतं?

"एवढ्या उड्या मारू नकोस, उंची खुंटेल" हे परत एकदा कानावर आलं, तेही एका शिकलेल्या माणसाकडून, आणि मग राहवलं नाही. उड्या मारून उंची खुंटत नाही हो! उलट प्राथमिक शाळेच्या वयात उड्यांनी हाडं भक्कम होतात, आणि ती कशी होतात हे इतकं भारी आहे की सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

हाड म्हणजे खडू नव्हे, ते जिवंत असतं. त्यात ऑस्टिओसाइट नावाच्या पेशी अक्षरशः चिणून बसवल्यासारख्या असतात, त्यांना केसाहून बारीक फाटे फुटलेले असतात, ते फाटे सूक्ष्म नळ्यांमधून शेजारच्या पेशींना भिडतात आणि नळ्यांत द्रव भरलेला असतो. आता एखादं पोर शेवटच्या पायरीवरून धप्पकन खाली उडी मारतं तेव्हा नडगीचं हाड किंचित वाकतं, म्हणजे डोळ्यांना कधीच दिसणार नाही एवढंच, पण तेवढ्यानेही ओला स्पंज दाबावा तसा आतला द्रव सरकतो, पेशींना तो ओघ जाणवतो आणि त्या स्क्लेरोस्टिन हे प्रोटीन कमी सोडायला लागतात. स्क्लेरोस्टिन म्हणजे हाड बांधणाऱ्या ऑस्टिओब्लास्ट पेशींवरचा ब्रेक. ब्रेक सुटला की बांधकाम सुरू! टेनिसपटूंच्या रॅकेट धरणाऱ्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असतं ते यामुळेच, आणि अंतराळात वजनच पडत नसल्याने अंतराळवीरांची हाडं झिजतात तेही यामुळेच.

पण या पेशी लवकर सरावतात. १९८४ मध्ये रुबिन आणि लॅनियन यांनी पक्ष्यांच्या पंखातल्या हाडावर रोज ठराविक वेळा ताण दिला, तर ३६ वेळा दिल्यावर जेवढं हाड वाढलं तेवढंच १८०० वेळा देऊनही वाढलं. पुढे उंदरांवर दिसलं की तेवढाच ताण मध्ये विश्रांती घेत टप्प्याटप्प्याने दिला तर हाड जास्त बनतं.

म्हणून मैदानाला दमेपर्यंत फेऱ्या मारायला लावणं दमसासासाठी ठीक, हाडांसाठी मात्र दोरीउड्या, लंगडी, दिशा बदलत पळणं आणि मध्ये थांबणं जास्त कामाचं. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटं हालचाल सांगते, त्यात आठवड्यातून किमान ३ दिवस हाडं-स्नायू बळकट करणारे व्यायाम हवेत असंही म्हणते. उंची वाढवायच्या पावडरींवर पैसे घालवणाऱ्या पालकांनी त्याआधी शाळेत जाऊन एवढंच विचारावं की पीटीचा तास खरंच होतो, की त्यात गणित उरकतात?