गढूळ पाणी, उजेड आणि खाडीतलं खत

किनाऱ्याजवळच्या समुद्रात किंवा खाडीत तरंगत राहणारे बारीक कण, त्या कणांच्या गर्दीतून खाली पोचणारा उजेड आणि पाण्यात विरघळलेली नत्र-स्फुरदासारखी पोषकद्रव्यं, या तिघांचं आपापसात काय चालतं याचा अभ्यास हा समुद्रविज्ञानातला जुना आणि चिवट विषय आहे, ज्यावर जगभर पीएचडी होत असतात. ठाणे-नवी मुंबईवाल्यांना तो बघायला लांब जायला नको. ऐरोलीच्या पुलावर बस ट्रॅफिकमध्ये अडकली की खिडकीतून खाली बघायचं, दूध जास्त झालेल्या चहासारखं जे पाणी दिसतं तोच विषय.

गढूळ म्हणजे घाण असं आपण धरून चालतो आणि इथेच पहिला घोळ होतो. गाळ हा खाडीचा मूळचाच, माणूस नसता तरी ठाण्याची खाडी गढूळच असती. खरी घाण, म्हणजे सांडपाण्यातून आलेला अमोनिया, नायट्रेट, फॉस्फेट, ही बरीचशी विरघळलेली असते आणि डोळ्यांना दिसतच नाही, त्यामुळे काचेसारखं पाणीही खताने भरलेलं असू शकतं. म्हणून गढूळपणा वेगळा मोजायचा, खत वेगळं मोजायचं आणि मग दोघांचं नातं बघायचं. ठाण्याच्या खाडीत ते नातं थोडक्यात असं की शेवाळाला खायला भरपूर आहे पण ऊन नाही. बिल्डिंगच्या मागच्या डक्टमध्ये ठेवलेल्या तुळशीला कितीही खत घातलं तरी ती वाढत नाही, तसं.

गाळ कुठला

खाडी साधारण २६ किलोमीटर लांब. दक्षिणेला मुंबई बंदराकडे रुंद आणि उत्तरेला ठाण्याजवळ इतकी चिंचोळी की तिकडून उल्हास नदीशी असलेली जोड एखाद्या उथळ नाल्यासारखी राहिलीय. त्यामुळे वरच्या टोकाचं पाणी सहज बदलत नाही, भरतीला आत येतं, ओहोटीला थोडं मागे सरकतं आणि पुन्हा तेच आत. पावसाळ्यात सह्याद्रीच्या काळ्या दगडातून झिजलेली चिकणमाती नद्या-नाल्यांतून येते, पण वर्षभर जो गढूळपणा दिसतो त्यातला मोठा वाटा नव्या मातीचा नसतो, तळाचा जुनाच चिखल भरती-ओहोटीच्या ओढीने रोज उकरला जातो. त्यात तिवरांचा कुजलेला पाला, मेलेले आणि जिवंत प्लवक (पाण्याबरोबर वाहत राहणारे बारीक जीव), भराव आणि ड्रेजिंगमधून, म्हणजे तळ उपसण्यातून, सुटलेली माती, हे सगळं मिसळतं, आणि अभ्यासात या सगळ्याला मिळून ‘तरंगते कण’ म्हणतात.

हे कण बसत का नाहीत याचं उत्तर साध्या हिशोबात आहे. कण खाली जायचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गावर अवलंबून असतो. रेतीचा ०.१ मिलिमीटरचा कण स्थिर पाण्यात एक मीटर खाली जायला दोनेक मिनिटं घेतो, आणि चिकणमातीचा २ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण तेवढंच अंतर जायला तीन दिवसांच्या आसपास. आता भरती आणि ओहोटीमध्ये मिळतात जेमतेम सहा तास, मग तो बसणार कधी? तरीही गाळ बसतो, कारण खाऱ्या पाण्यात मातीच्या कणांची एकमेकांना ढकलायची ताकद मिठामुळे कमी होते, त्यात शेवाळ-जिवाणूंचा चिकट स्राव मिळतो आणि कणांचे सैल गोळे होतात, जे भराभर खाली येतात. पुढची ओढ आली की गोळे फुटतात, परत तरंगतात. दिवसातून चार वेळा हे चालतं.

अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याची ओढ जोरदार, तेव्हा खाडी जास्त गढूळ. अष्टमीच्या आसपास भांग असते तेव्हा ओढ मंद आणि पाणी त्यातल्या त्यात निवळ. हे सांगायला पीएचडी लागत नाही, सारसोळे जेट्टीवरचे कोळी किंवा दिवे गावातले आगरी कोणीही सांगतील. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते हा कोकणपट्टीचा हिशोबही (पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा) अजून चालतो, पाचदहा मिनिटं इकडेतिकडे झाली तरी होडी काढायला पुरतो. पीएचडीवाल्याला फक्त ‘जास्त गढूळ’ म्हणजे लिटरला किती मिलिग्रॅम आणि त्याने उजेड किती कापला, ते द्यावं लागतं.

उजेड किती खोल जातो

यासाठी सगळ्यात जुनं आणि अजूनही सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे सेक्की तबकडी. इटलीतले खगोलशास्त्रज्ञ पाद्री आंजेलो सेक्की यांनी एप्रिल १८६५ मध्ये पोपच्या जहाजावरून भूमध्य समुद्रात पांढऱ्या तबकड्या सोडून त्या किती खोलीवर दिसेनाशा होतात ते मोजलं, म्हणून हे नाव. दोरीला खुणा, खाली वजन, वर डोळे, बस एवढंच. बॅटरी नाही, कॅलिब्रेशन नाही, पाण्यात पडली तर दुसरी करायची.

तबकडी जिथे नाहीशी होते त्याच्या अडीच-तीन पट खोलीवर पृष्ठभागावरच्या उजेडाचा फक्त १ टक्का उरतो असा ढोबळ हिशोब आहे, आणि वनस्पतींची कमाई-खर्चाची तोंडमिळवणी साधारण तिथपर्यंतच होते असं धरतात. समजा तबकडी ३० सेंटिमीटरवर गेली, तर उजेडाचा थर जेमतेम ९० सेंटिमीटरचा. आता पाणी पाच मीटर खोल असेल आणि भरती त्याला सतत घुसळत असेल तर त्यात तरंगणारी एकपेशीय वनस्पती दिवसातला पाचवा भागसुद्धा उजेडात नसते, उरलेला वेळ अंधारात नुसता श्वास घेऊन साठवलेलं खर्च करते. किती खोलवर घुसळण झाली की कमाईपेक्षा खर्च जास्त होतो हे गणित नॉर्वेच्या हाराल्ड स्वेर्ड्रुप यांनी १९५३ मध्ये खुल्या समुद्रासाठी मांडलं होतं. खाडीला ते फारच कडक लागू होतं.

रंगही बदलतो. खोल समुद्रात निळा उजेड सगळ्यात खाली पोचतो, तर खाडीत कुजलेल्या पाल्यातून आलेलं पिवळट विरघळलेलं द्रव्य आणि गाळ निळ्यालाच आधी खातात, मग उरतो पिवळा-नारिंगी.

खत

नत्र आणि स्फुरद येतात मुख्यतः सांडपाण्यातून. दोन्ही काठांवर शहरं, पूर्वेला १९६० च्या दशकापासूनचा ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा, आणि अनेक नाले जे थेट खाडीतच उघडतात. समुद्री प्लवकांमध्ये कार्बन, नत्र आणि स्फुरदाचं प्रमाण साधारण १०६:१६:१ असतं, हे आल्फ्रेड रेडफिल्ड यांनी १९३४ मध्ये मांडायला सुरुवात केलेलं प्रमाण, आणि पाण्यात ते किती वाकडं झालंय यावरून कशाची टंचाई आहे ते ठरवतात. पण ज्या पाण्यात अंधारच आहे तिथे १६:१ बघून ‘स्फुरद कमी पडतंय’ असा निष्कर्ष काढणं म्हणजे उपाशी माणूस झोपलेला असताना त्याच्या ताटात मीठ कमी आहे म्हणण्यासारखं. प्रबंधांत ही चूक सहज होऊ शकते, कारण खताचे आकडे असतात आणि उजेडाचे नसतात.

गाळ इथे अजून एक काम करतो ते म्हणजे फॉस्फेट धरून ठेवायचं. मातीच्या कणांवर लोहाच्या ऑक्साइडचा पातळ थर असतो, त्याला फॉस्फेट चिकटतं. पाण्यात ते जास्त झालं की कण उचलतात, कमी झालं की सोडतात, आणि तळाच्या काळ्या, प्राणवायू नसलेल्या चिखलात लोहाचं रूप बदललं की ते सुटून परत वर येतं. म्हणजे उद्या सगळे नाले बंद केले तरी तळातलं जुनं स्फुरद काही काळ येत राहणार. नत्राचं उलट. चिखलातले जिवाणू नायट्रेटचा वायू करून हवेत सोडून देतात, तेवढी खाडीची फुकटची सफाई.

चिखलावरचं शेत

मग एवढं खत जातं कुठे? बरंचसं भरती-ओहोटीबरोबर समुद्रात, पण एक हिस्सा चिखलावर पिकतो. ओहोटीला पाणी उतरलं की चिखल थेट उन्हात येतो, मध्ये गढूळ पाण्याचा पडदाच नाही. तेव्हा चिखलातली डायाटम नावाची एकपेशीय शेवाळं सरकत वर येतात, पृष्ठभागावर सोनेरी-तपकिरी साय धरते, आणि भरती यायच्या आत ती परत चिखलात घुसतात. निवटे (चिखलावर सरपटणारे मासे) ही साय चाटतात, छोटे फ्लेमिंगो चोचीच्या गाळणीतून असलंच बारीक शेवाळ गाळून खातात. ज्या फ्लेमिंगोंसाठी २०१५ मध्ये खाडीचं १,६९० हेक्टर अभयारण्य झालं आणि २०२२ मध्ये ६,५२१ हेक्टर पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलं, त्यांच्या ताटातला बराच भाग शहराच्या संडासातून आलाय, हे फोटो काढायला जाणाऱ्यांना फारसं आवडत नाही. शेवाळाच्या सायीचा स्राव चिखल बांधूनही ठेवतो, म्हणजे साय जितकी जाड तितका गाळ कमी उकरला जातो, आणि वरून फ्लेमिंगो पायांनी चिखल ढवळतात, तिथे साय मोडते.

पीएचडीला बसलेला काय करतो

मुख्यतः वाट बघतो. २०२२ च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) नियमांप्रमाणे पीएचडीला किमान ३ आणि साधारण कमाल ६ वर्षं, जेआरएफ (संशोधन करणाऱ्यांना मिळणारी शिष्यवृत्ती) मिळाली असेल तर २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये. त्या तीन वर्षांत पावसाळे मिळतात तीनच, आणि त्यातला पहिला कोर्सवर्कमध्ये जातो. एकाच जागी भरती आणि ओहोटीला आकडे इतके वेगळे येतात की ‘मे महिन्यात ऐरोलीला गढूळपणा इतका’ या वाक्याला तिथी आणि वेळ नसेल तर काही अर्थ नाही, म्हणून होडी नांगरून सलग २५ तास दर तासाला नमुना घ्यायचा, एकदा उधाणाला, एकदा भांगेला, आणि तेच हिवाळा-उन्हाळा-पावसाळ्यात. होडीवाल्याशी आधी नीट बोलून घ्यायचं. रात्री तीन वाजता मच्छर चावत असताना बाटली भरणारा आणि वहीत वेळ लिहिणारा माणूस वेगळा हवा, एकानेच दोन्ही केलं की घोळ होणार.

लॅबमध्ये काचेच्या तंतूंचा फिल्टर आधी वाळवून तोलायचा, त्यातून मोजून पाणी गाळायचं, १०३ ते १०५ अंशांवर वाळवायचा, परत तोलायचा. सोपं वाटतं. पण फिल्टरमध्ये अर्धा मिलिलिटर समुद्राचं पाणी राहिलं तरी वाळल्यावर सतरा-अठरा मिलिग्रॅम मीठ उरतं, आणि लिटरला २०० मिलिग्रॅम गाळ असलेलं १०० मिलिलिटर पाणी गाळलं तर गाळ भरतो २० मिलिग्रॅम. म्हणजे डिस्टिल्ड पाण्याने नीट धुतलं नाही तर गाळाइतकंच मीठ मोजलं जातं. आणि गढूळ पाण्याने फिल्टर लगेच तुंबतो, म्हणून १०० मिलिलिटर गाळतानाही घड्याळ बघत बसावं लागतं. खतासाठीचं पाणी मात्र होडीवरच गाळून बर्फात ठेवायचं, नाहीतर कण वाटेत फॉस्फेट उचलत-सोडत राहतात आणि लॅबमध्ये पोचतं ते खाडीचं पाणी राहत नाही.

दुसरीकडे काय झालं

सॅन फ्रान्सिस्कोचा उपसागर हे यातलं गाजलेलं उदाहरण. तिथेही सांडपाण्याचं खत मुबलक, पण पाणी गढूळ असल्याने शेवाळ माजत नव्हतं. १९९९ च्या सुमारास तरंगता गाळ एकदम कमी झाला, नंतर शेवाळ वाढू लागलं, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये हेटेरोसिग्मा नावाच्या शेवाळाने पाणी तांबूस-तपकिरी होऊन मासे मोठ्या संख्येने मेले. त्या एका घटनेचं कारण नुसतं गाळ कमी होणं असं म्हणता येत नाही, पण खत तिथे आधीपासून तयारच होतं. आपल्याकडे ‘खाडी स्वच्छ करा’ म्हणताना फक्त गाळ उपसायचा आणि नाले तसेच ठेवायचे हा क्रम उलटा का आहे, ते यावरून कळतं.

उपग्रहावरून बघून काम भागेल का, हा प्रश्न हमखास येतो. भारताचे ओशनसॅट मालिकेतले उपग्रह (पहिला मे १९९९ मध्ये गेला) समुद्राचा रंग टिपतात, त्यावरून हरितद्रव्याचा अंदाज काढतात. खोल समुद्रात हे छान चालतं, खाडीत गाळाचा तपकिरी आणि शेवाळाचा हिरवा मिसळून जातो. चित्राचा एक ठिपका साधारण ३६० मीटरचा, म्हणजे ठाण्याजवळची खाडी आणि दोन्ही काठांची तिवरं एकाच ठिपक्यात. त्याहून मोठी अडचण पंचांगातली आहे. ओशनसॅट-१ आणि २ दोन्ही दुपारी बाराच्या सुमारास डोक्यावरून जायचे, आणि मुंबईकडे अमावस्या-पौर्णिमेची भरती येते तीसुद्धा दुपारी बाराच्याच आसपास, म्हणजे उधाणाच्या दिवशीचं प्रत्येक चित्र भरलेल्या खाडीचं, आणि भांगेच्या दिवशीचं उतरलेल्या. उधाणाची ओहोटी, जेव्हा खाडी सगळ्यात जास्त उकरली जाते, ती असते दुपारी तीन-चारला, आणि तेव्हा तिथे असते ती होडी, तबकडी आणि दोरी धरून बसलेला एखादा विद्यार्थी.