पाणी सारणारी यॉट, पाण्यावर चढणारी यॉट

मामेभावाने इंग्लंडमधल्या पूल बंदरातून फोटो पाठवला. (गावाचंच नाव पूल. मामांनी आधी फोटोत पूल शोधला.) सनसीकर कंपनीची यॉट चाचणीसाठी धक्क्याला बांधलेली, शेजारी दुसऱ्याच कुणाची तरी. दोन्ही पांढऱ्याशुभ्र, दुमजली, साठ-पासष्ट फुटी. पैठणला बसून आम्हाला त्या जुळ्याच वाटल्या. फरक पाण्याखाली होता.

शेजारचीचं पोट गोल आणि खोल. म्हैस डोहातून चालते तशी ती पाणी बाजूला सारत जाते. तिच्या वेगाला मर्यादा असते, आणि ती तिची तीच घालते. वेग वाढला की नाळेपाशी, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाशी, उठणारी लाट लांबत जाते. ती बोटीएवढी लांब झाली की मागचा भाग खळग्यात बसायला लागतो, आणि बोट स्वतःच उठवलेल्या लाटेचा चढ चढत राहते. त्यापुढे इंजिन कितीही ओढलं तरी वेग फारसा वाढत नाही, नुसतं डिझेल जळतं. ढोबळ हिशेब असा: पाण्यालगतची लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, १.३४ ने गुणा. ६४ फुटांना साधारण १०.७ नॉट, म्हणजे ताशी २० किलोमीटर.

सनसीकरचा तळ मात्र मागे रुंद, सपाटसर, कडांना धारदार. जोर दिला की आधी नाक वर उचलतं, मग बोट तो चढ ओलांडून पाण्यावर आडवी होते आणि घसरत सुटते. नाथसागरात तिरपा फेकलेला चपटा दगड टप्पे घेत जातो, तसंच काहीसं. आपला नाथसागर लांबीला सुमारे ५५ किलोमीटर. ३० नॉटने सनसीकर तो तासाभरात पार करेल, शेजारचीला पावणेतीन तास लागतील.

म्हणून चाचणीतही दोघींना वेगळं बघतात. पळणारीला वजन सोसत नाही. टाक्या भरल्यावर ती वर उचलते का, इंजिन फिरण्याच्या पूर्ण वेगापर्यंत जातं का, हे तपासतात. वारा-प्रवाहाचा फायदा वजा व्हावा म्हणून तीच धाव उलट दिशेनेही घेतात. गोल पोटाची वजनाने थोडी खाली बसते, एवढंच.

मामांना वेगाचं कौतुक नव्हतं. "डिझेल किती खाते?" मी सांगितलं, एवढी मोठी यॉट पूर्ण वेगात तासाला दोनशे लिटरच्या वर सहज जाते.

"तेवढ्यात माझं सगळं रान नांगरून होतं," म्हणाले, आणि फोन परत दिला.