बॅबिलोनची फेरउभारणी : वेठ कुणाला, माफी कुणाला

इ.स.पू. 689 मध्ये असिरियाचा (आजच्या उत्तर इराकमधलं साम्राज्य) राजा सेन्नाचेरिब याने दक्षिणेतलं बॅबिलोन शहर पाडलं. शहर 70 वर्षं ओसाड राहील हा शहराचा देव मर्दुक याचा निवाडा होता, असं पुढे सांगितलं गेलं. इ.स.पू. 681 मध्ये गादीवर आलेल्या त्याच्या मुलाने, एसारहद्दोनने, शहर पुन्हा उभारायला घेतलं आणि लेखांत नोंदवलं, की देवानेच आकडा फिरवून 11 केला. तिथल्या कीलाकार (खिळ्यासारख्या खुणांच्या) लिपीत 60 ची उभी खूण आणि पुढे 10 ची खूण म्हणजे 70. जागा बदलल्या की तीच उभी खूण 1 ठरते, म्हणजे 10 आणि 1, 11. सोयीचं गणित!

तिथे दगड नाही, सगळा भार विटांवर. पूर ओसरून, जवाची कापणी होऊन भुसा हाती आला की उन्हाळ्याच्या तोंडाला विटा पाडत. कच्ची वीट पायथ्याच्या ओलीने फुगते आणि क्षारांनी झडते, म्हणून ओलीच्या जागी भाजकी वीट आणि सांध्यात डांबर. देवदाराची तुळई दूर वायव्येच्या, आजच्या दक्षिण तुर्कस्तानातल्या, अमानुस डोंगरातून यायची.

या बांधकामासाठी एसारहद्दोनने देशभरची माणसं वेठीला धरली, त्यांच्या हाती कुदळ आणि डोक्यावर पाटी दिली. एकदा स्वतःही पाटी उचलली, असं त्याचा लेख म्हणतो.

वाद आहे तो माफीचा. बॅबिलोनच्या नागरिकांना वेठ आणि करांतून जुनी सूट होती. ती त्याने परत दिली. गुलामीत विकले गेलेले नागरिक सोडवले आणि साऱ्या देशांशी दळणवळण व्हावं म्हणून चारी दिशांचे रस्ते मोकळे केले. याला औदार्य म्हणणं भाबडेपणाचं आहे. पडक्या शहरात घर बांधायला आणि माल आणायला कोण येणार, जर पहिल्याच हंगामात डोक्यावर पाटी यायची असेल? पण सूट फक्त नागरिकाला. बाहेरचा कुळवाडी आणि धरून आणलेला बंदी तिच्यात बसत नव्हते, म्हणजे एकाची माफी दुसऱ्याच्या पाठीवर. आणि नागरिकांनाही ती पुरती लाभली नाही. शहरावरच्या अधिकाऱ्याने चांदीत भरायचा कर बसवला, लोकांनी ओरड केली, तेव्हा निरोप्यांवर ढेकळं फेकल्याचा ठपका ठेवून काहींना कोठडीत टाकलं. राजाला गेलेल्या एका पत्रात हे आहे.

इ.स.पू. 652 मध्ये शहर असिरियाविरुद्ध बंडात उतरलं, वेढ्यात उपासमार झाली आणि 648 मध्ये ते पडलं. शहरातला सुमारे 91 मीटर पायाचा, टप्प्याटप्प्यांचा देवळाचा मनोरा पुरा केला तो 626 नंतरच्या स्थानिक घराण्याने, जिंकलेल्या मुलखांतून वेठीने आणलेल्या माणसांकडून.