थर्मासमधलं कोमट दूध

तान्ह्या बाळाच्या पावडरच्या दुधाचा डबा सीलबंद असतो, म्हणून आतली पावडर निर्जंतुक असणार, असं बहुतेक घरांत गृहीत धरतात. ती तशी नसते. कारखान्यात दूध तापवलं जातं हे खरं, पण नंतर पावडर मिसळताना, डबे भरताना थोडे जंतू आत शिरू शकतात आणि कोरड्या पावडरीत महिनोन्‌महिने निपचित पडून राहतात. त्यातला सर्वांत घातक क्रोनोबॅक्टर. फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेत याच जंतूच्या संशयावरून असे डबे मोठ्या प्रमाणावर परत मागवले गेले. हा आजार विरळा आहे. पण बाळ दोन महिन्यांच्या आतलं किंवा अपुऱ्या दिवसांचं असेल, तर मेंदूच्या आवरणाला सूज येऊन जिवावर बेततं.

पहिले सहा महिने आईचं दूध मिळत असेल तर बाळाला वरचं काही लागत नाही, सोलापूरच्या मे महिन्यात पाणीसुद्धा नाही. पण काही घरांत पावडरचं दूध द्यावंच लागतं. त्यांना कुणी टोमणे मारण्यापेक्षा पुढचं गणित समजावून सांगावं.

मे महिन्यात सोलापुरात विरजण लावलं की दुपारपर्यंत दही तयार, उशीर झाला तर आंबट ढाण. तेच जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, रात्रभर ठेवावं लागतं. दूध तेच, विरजण तेच, फरक फक्त तापमानाचा. क्रोनोबॅक्टरचंही असंच. फ्रीजमध्ये ५ अंशांखाली त्याची वाढ जवळपास थांबते. वीस-बावीस अंशांना तो रेंगाळत वाढतो. ३७ ते ४० अंशांच्या आसपास मात्र एकाचे दोन व्हायला त्याला साधारण वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. आपण वीस धरू. बाटलीत सुरुवातीला फक्त १० जंतू असले, तर दोन तासांत सहा वेळा दुप्पट होऊन ६४०. चार तासांत ४०,९६०. सहा तासांत २६ लाखांवर. प्रत्यक्षात सुकलेल्या जंतूंना जागं व्हायला थोडा वेळ लागतो, त्यामुळे सुरुवात संथ होते. पण एकदा गाडी सुटली की हीच घातांकी चढण. दूध तयार केल्यापासून दोन तासांत संपवा, उरलेलं टाका, हा जागतिक आरोग्य संघटनेचा नियम या चढणीचा पायथा धरून केलेला आहे. बाळाने तोंड लावलेली बाटली तर पुन्हा ठेवायचीच नाही, कारण लाळेतले जंतू त्यात आधीच उतरलेले असतात.

आता रात्रीसाठी थर्मासमध्ये कोमट दूध भरून ठेवायची युक्ती पाहा. थर्मास ऊब जपतो, म्हणजे जंतूंना हवं तेच तापमान तासन्‌तास टिकवून धरतो. उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात तर थर्मासचीही गरज नाही, खोलीच ते काम करते. थर्मास वापरायचा तो उकळत्या पाण्यासाठी. पावडर वेगळी, कोरडी, आणि बाळ उठलं की कालवायची.

कालवायची तीही कोमट पाण्यात नव्हे. पाणी ७० अंशांच्या खाली गेलेलं नसावं. ६० अंशांना या जंतूंची संख्या दहापट घटायला मिनिटं लागतात, ७० ला ते काम सेकंदांत होतं. पाणी खळखळून उकळवायचं, आणि थर्मासमध्ये न भरता लिटरभर नुसतं ठेवलं असेल तर झाकून अर्ध्या तासाच्या आत वापरायचं. कपभर पाणी फार लवकर निवतं. काही जीवनसत्त्वं थोडी घटतात, तेवढं चालतं. मग बंद बाटली गार पाण्यात धरून निववायची. उन्हाळ्यात टाकीवरचं नळाचं पाणीच गरम येतं, तेव्हा माठातलं घ्या. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून कोमट लागलं की द्यावं. मापं डब्यावर आहेत तशीच घ्या. घट्ट दूध केल्याने बाळ बाळसं धरत नाही, कोवळ्या मूत्रपिंडांवर क्षारांचा ताण येतो. पातळ केलं तर रक्तातलं सोडियम उतरून झटके येऊ शकतात.

शहरात नळाला काही दिवसांआड पाणी, म्हणून कुणी बोअरचं वापरतं. उकळल्याने त्यातले जंतू मरतात, पण त्यात विरघळलेला नायट्रेट नावाचा क्षार जात नाही. उलट पाणी आटेल तसं ते दाट होतं. भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्यापेक्षा फार जास्त नायट्रेट गेलं तर तान्ह्या बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद घटते आणि अंग निळसर पडतं. तपासणी न केलेलं बोअरचं पाणी बाटलीसाठी नकोच.

पाजताना बाळ अर्धवट बसतं धरावं, बाटली जवळजवळ आडवी, बूच (निपल) मात्र दुधाने भरलेलं. उशीला टेकवून बाटली तोंडात सोडून जाऊ नये, ठसका लागतो. मान फिरवली की थांबायचं, बाटली संपवायची शर्यत नाही. थोडी गुळणी आली तर मीठ-मोहऱ्या ओवाळायचं कारण नाही. हिरवी उलटी किंवा ताप असेल तर ओवाळणंही नको, सरळ डॉक्टर गाठा. ‘अँटी-कोलिक’ (पोटदुखी टाळणाऱ्या म्हणवणाऱ्या) बाटल्यांवर पैसे घालण्याआधी एवढं लक्षात असू द्या की दुधाच्या बाटल्यांची जाहिरात करायला १९९२ च्या कायद्याने आपल्याकडे बंदी आहे. आणि बुचाला मध लावायचाच नाही, वर्षाच्या आत मधातून बोट्युलिझमचा, म्हणजे स्नायू लुळे पाडणाऱ्या विषबाधेचा, धोका असतो.

बाटलीचं खरं दुखणं तिच्या अरुंद गळ्यात आणि बुचाच्या खाचांत आहे. तिथे दुधाचा थर राहिला की जंतू त्यात घर करतात आणि मग नुसत्या विसळण्याला दाद देत नाहीत. आधी ब्रशने घासणं, मग पूर्ण बुडवून उकळणं, हा क्रम उलटा करून चालत नाही. हे रोज जमणार नसेल तर जुनं बोंडलं (दूध पाजायचं चोचीचं भांडं) किंवा वाटी-चमचा काढा. त्यांना कानाकोपरे नसतात, त्यामुळे ती स्वच्छ करायला बाटलीपेक्षा कितीतरी सोपी.